आगामी

दस्तगीर पेंटरला 'निषेध' डोळे मिटून काढता येतो.
तेहतीस वर्षं. मांजरपाट, तांबडा ऑइलपेंट, दोन बांबू,
आणि बिंदू चौकात अकराची वेळ देऊन
साडेबाराला जमणारे आम्ही.
'रद्द करा'. 'चालते व्हा'. 'हाणून पाडा'.
एकदा वाऱ्यानं 'धिक्कार' फाटून गेला,
उरलं नुसतं 'असो'.
तेच धरून गेलो कलेक्टर कचेरीपर्यंत.

मी वही सांभाळतो. वर्गणी, पावत्या, हजेरी.
हजेरीला दर साली एक पान कमी लागतं,
हे अजून कुणाला बोललेलो नाही.

परवा रात्री उद्यमनगरमागच्या त्याच्या खोपटात
बॅनरचा मजकूर ठरत होता.
रोहिणी ढाले ड्युटीवरून थेट आलेली,
थोरल्या दवाखान्यात नर्स, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर.
म्हणाली, "ठेका पद्धत रद्द करा, बरोबर हाय.
समजा, सोमवारी झाली रद्द.
मंगळवारी काय दिसंल, ते कोन सांगतंय का?"

शिंत्रेभाईंनी चष्मा पुसला.
"स्वप्नं विकायचा धंदा समोरच्यांचा.
आपण माणसं जागी ठेवायची."
"मी रोज रातभर जागीच असते, भाई."

मग दस्तगीर बोलला, ब्रश रॉकेलात बुडवत,
कुणाकडे न बघता:
"आधी मी टॉकीजची कामं करायचो.
पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो यायचा,
त्याच्यावरनं वीस फुटी बोर्ड.
पिक्चर आलेला नसायचा. मी बी बघितलेला नसायचा.
वर लिवायचं, आगामी. बास.
लोक सायकल टेकवून बघत उभारायची.
फौंड्रीतली पोरं चार आणे बाजूला टाकायची,
अजून न आलेल्या पिक्चरसाठी.
तुमी तेहतीस वर्षं माझ्याकडनं
दुसऱ्याचंच नाव मोठ्या अक्षरात काढून घेताय.
सोताला पुरोगामी म्हनता.
आगामी काय, ते एकदा सांगा की."

रात्री दीडपर्यंत भांडलो.
रोहिणीला नेमणुकीचा कागद नको होता चित्रात.
तिला हवी होती दवाखान्याच्या पायरीवरची बाई,
ड्युटी संपलेली, हातात चहा,
आणि कसलीच घाई नाही.
जिनाप्पा मोल्डर म्हणाला, पाचचा भोंगा काढ,
आणि पोराला तालमीत घेऊन निघालेला बाप.
कोण म्हणालं पंचगंगेची ओंजळ, प्यायची.
कोण म्हणालं पुराच्या आधी आलेली होडी.
सिद्धांत वायदंडे बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, आडनाव न विचारता मिळालेली खोली.
ती कशी काढणार?
दस्तगीरनं विचार केला.
"दार उघडं काढतो. भाईर चपला.
समद्यांच्या, एकात एक गेलेल्या."

शेवटी भाई, जिना उतरता उतरता, हळूच:
"कोपऱ्यात एक वाचनालय काढ.
दिवा चालू असलेलं."

'निषेध' न थरथरता काढणारा हात
त्या चपलांपाशी तीनदा थांबला.
होडी जरा म्हशीसारखी झाली.
बाईचा चेहरा अर्धाच राहिला, उजाडलं म्हणून.
वर मात्र पिवळ्यावर निळं, काळी सावली सोडून,
जुन्या टॉकीजच्या वळणाचं:
आगामी.
खाली तारखेची जागा कोरी.

मोर्चा निघाला. पुढं भाई, त्यांच्या हातात 'निषेध'.
तो खाली ठेवा असं कुणीच म्हटलं नव्हतं.
मागं दस्तगीरच्या चित्राचा एक बांबू माझ्याकडे.
रंग ओला, बाहीला लागत होता.
दसरा चौकात सिग्नलला
दुधाच्या किटल्या लावलेलं एक पोरगं
गाडीवरून पाय टेकून बघत राहिलं.
सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी.
"काका, हे कुठं लागलंय?"

मला उत्तर आलं नाही.
बांबू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.
पोरगं गाडी ढकलत, किटल्या वाजवत
कोपऱ्यापर्यंत बरोबर आलं.
वहीत त्याचं नाव लिहायचं राहून गेलं.